पाहिजे

दिवसभर डेटाबेसवर क्वेरी लिहायचं माझं काम. हा शब्द लॅटिन 'क्वेरेरे'वरून आलेला, म्हणजे शोधणे, विचारणे, हे स्पॅनिश शिकायला लागल्यावर कळलं. त्याच क्रियापदाचं स्पॅनिशमध्ये 'केरेर' झालं आणि अर्थ सरकत सरकत 'हवं असणे' आणि 'प्रेम करणे' इथवर आला. 'ते किएरो' म्हणजे माझं तुझ्यावर प्रेम आहे. मुळात मात्र 'मी तुला शोधतो'.

आपलं 'पाहिजे' जवळपास याच वाटेनं आलंय. 'पाहणे'चं हे जुनं कर्मणी रूप: पाहिलं जातं. ('म्हणजे'सुद्धा तसंच, म्हटलं जातं.) फरक एवढाच की 'किएरो'मध्ये शोधणारा 'मी' ठळक आहे. 'मला पाहिजे'मध्ये पाहणारा कोण, ते सांगितलेलंच नाही. सुरुवातीला मला ही पळवाट वाटली. हाव माझी, पण ती करणारा मी नाही, अशी.

मग 'केरेर'च्या भावकीतला 'कोंकिस्ता' भेटला: कसून शोधणं, मिळवणं आणि शेवटी जिंकून घेणं. पोर्तुगीजांनी गोव्याचे भाग याच शब्दानं मोजले. तिसवाडी, बारदेस, साष्टी या जुन्या काबिजादी. अठराव्या शतकात हाती आलेले पेडणे, फोंडा, सत्तरी वगैरे नव्या. शोधण्यापासून बळकावण्यापर्यंतचं अंतर एका उपसर्गाचं. अर्थात व्याकरणामुळे कोणी मुलूख घेत नाही. 'पाहिजे' म्हणणाऱ्यांनीही १७३९ साली वसई घेतलीच.

पण 'पाहिजे'तली ती रिकामी जागा मला सोडेना. शिवाय हेच रूप कर्तव्यालाही चालतं: मी गेलं पाहिजे. हवं असणं आणि करायला लागणं, दोन्ही एकाच शब्दात. मग ज्याला हवंय त्यानंच पाहायचं, असं थोडंच आहे? दुसऱ्या कुणी पाहिलं तरी वाक्य बरोबरच राहतं.

बाबा खारघरला एकटे असतात, मी पुण्यात. रोज रात्री फोनवर विचारतो, "काही पाहिजे का?" ते म्हणतात, "काही नको." हो म्हणाले असते तर मी इथून ऑर्डर केलं असतं, दहा मिनिटांत दारात. उत्तर आलं की माझी क्वेरी संपली.

गेल्या महिन्यात गेलो तेव्हा त्यांच्या चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली होती. दोरा मळून काळा झालेला.

"हे कधीपासून?"

"दिवाळीपासून असेल," पेपर खाली न ठेवता ते म्हणाले. "दिसतंय की."