फळाची आशा आणि भोपळ्याचं फळ



आजचं चिंतन गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या ४७व्या श्लोकावर. अधिकार कर्मापुरता, फळावर नाही, हा भाग आपल्याला शाळेपासून पाठ असतो. पण त्याच श्लोकाच्या शेवटी भगवंत आणखी एक गोष्ट बजावतात: काहीच न करण्याचीही ओढ धरू नकोस. या दोन टोकांच्या मध्ये नेमकं कसं उभं राहायचं? या महिन्यात मला हा प्रश्न पडला तो भोपळ्यामुळे. हसू नका.

इथे अमेरिकेत ३१ ऑक्टोबरला हॅलोवीन असतो. घरोघरी भोपळा पोखरून, त्यावर चेहरा कोरून, आत दिवा लावून दारात ठेवतात. मूळ प्रथा आयर्लंड-स्कॉटलंडकडची. तिथे सलगम कोरायचे, भुताखेतांना दूर ठेवायला. ते लोक अमेरिकेत आले आणि त्यांना इथला भोपळा सापडला. आकाराने मोठा, कोरायला सोपा. आईला व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "म्हणजे आपण दृष्ट लागू नये म्हणून दारात कोहळा टांगतो, तसंच की!"

साधे तीन त्रिकोण आणि दात कोरायला अर्धा तास पुरतो. पण बारीक नक्षीचं काम वेगळं. मुलीच्या हट्टापायी आम्ही घुबड कोरतो. आधी भोपळ्याला खालून भोक पाडून बिया आणि धागे काढायचे. ज्या बाजूला चित्र येणार, ती भिंत आतून खरवडून साधारण इंचभर जाडीची करायची. चित्राचा कागद चिकटवून टाचणीने टोचत टोचत रेषा उतरवायच्या. मग खरी गंमत. साल तशीच ठेवली तर तो भाग काळा दिसतो, फक्त साल सोलली तर आतला गर नारिंगी उजळतो, आणि आरपार कापलं तर लख्ख उजेड. या तीन छटांत घुबडाचं एकेक पीस उभं करायचं. एक संध्याकाळ सहज जाते. आणि हे सगळं टिकतं किती? थंडी असेल तर आठवडाभर, ऊब असेल तर दोन-तीन दिवसांत आत बुरशी धरते आणि घुबडाचा चेहरा आत ओढला जातो.

मग इतकं बारीक काम कशासाठी? याचं उत्तर आपल्याकडच्या माणसाला अवघड नाही. सकाळी दारात काढलेली रांगोळी संध्याकाळपर्यंत पुसली जाते, म्हणून कोणी ठिपके वाकडे टाकत नाही. मी ऑफिसात लिहिलेला कोडही काही वर्षांत कोणीतरी काढून टाकणारच आहे. नाशवंत असणं वेगळं आणि व्यर्थ असणं वेगळं. काम करताना मन त्यात पूर्ण होतं, तेवढं कर्म पुरं झालं.

इथपर्यंत मी खूश होतो. पण आईचा दुसरा प्रश्न आला: "अरे, पण ती पोटात जायची वस्तू ना? कोरायची आणि फेकून द्यायची?"

हा प्रश्न रांगोळीने सुटत नाही. लोक म्हणतात, हे मोठे भोपळे कोरण्यासाठीच पिकवतात, चवीला पाणचट असतात. खरं आहे. पण जमीन, पाणी आणि कोणाचे तरी कष्ट त्यालाही लागलेच. शिवाय कचऱ्याच्या ढिगाखाली दाबलं गेलेलं अन्न हवेशिवाय कुजतं आणि त्यातून मिथेन निघतो. "फळाची आशा नाही" म्हणत मी तो भोपळा कचऱ्याच्या पिशवीत टाकला, तर तो निष्काम कर्मयोग नाही, निव्वळ बेफिकिरी आहे.

मला वाटतं, श्लोकाचं मर्म इथेच आहे. फळाची आशा सोडायची, फळाची जबाबदारी नाही. घुबड किती सुंदर झालं, शेजाऱ्यांनी फोटो काढले का, हे सोडायचं. त्याच्या गराचं काय झालं, बियांचं काय झालं, हे मात्र माझ्याच पदरात.

म्हणून आमच्याकडे भोपळा एकच येतो. खरवडलेला गर त्याच दिवशी शिजवून, पाणी आटवून, जरा जास्त गूळ घालून त्याचे घारगे होतात. बिया धुऊन, मीठ लावून भाजतो. हॅलोवीन संपला की दिवा काढून भोपळ्याचे तुकडे करतो आणि ते कंपोस्टमध्ये जातात. एवढं करून आईचा प्रश्न पूर्ण सुटला असं मी म्हणणार नाही. खायच्या वस्तूचा काही भाग शोभेसाठी गेलाच. पण तो प्रश्न घरात जिवंत आहे, आणि सुरी हातात घेताना आठवतो, हेही थोडं नाही.

आज दिवसभरात एक काम असं निवडूया, ज्याचं कौतुक कोणी केलं नाही तरी चालेल. ते मनापासून करूया. आणि झाल्यावर मागे जे उरेल, पसारा, खरकटं, दुसऱ्याच्या डोक्यावर पडणारा भार, ते स्वतः आवरूया. कर्म तिथे संपतं.

राम कृष्ण हरी.