सही कुणाची?

श्रीधर यांचा तमिळ 'नेंजिल ओर आलयम' (१९६२) तुम्ही पाहिला नसेल, तर त्यांनीच त्यावरून केलेला हिंदी 'दिल एक मंदिर' (१९६३) तरी पाहिला असेलच. कर्करोग झालेला नवरा बायकोला, सीतेला, सांगतो, "मी गेलो तर या डॉक्टरशी लग्न कर." डॉक्टर म्हणजे तिचा लग्नाआधीचा प्रियकर! थेटरात हुंदकेच हुंदके. मीही दिले. पण बँकेत वीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला रडतानासुद्धा फॉर्म दिसतो. हे तर सरळसरळ नॉमिनेशन! खातेदार नाव लिहून मोकळा. ठेवीला कोण विचारतो, बाई गं, तुला जायचंय का? सीता मात्र ठेव नव्हे. ती कळवळते, पण ऐकत नाही. पुढे डॉक्टर राबराब राबून नवऱ्याला वाचवतो आणि स्वतःच मरतो. त्यानं निदान आपल्या खात्यातून दिलं. नवऱ्यानं चेक फाडला तो तिच्या खात्यावर!

हे सगळं मी घरी ऐटीत मांडलं. सौ. मेथी निवडत म्हणाली, "माझ्या नावची पावती मोडून पुतण्याची फी भरलीत, तेव्हा सही कुणाची होती?"

सही तिचीच होती. मी फक्त फॉर्म पुढे सरकवला होता, आणि कुठे करायची ते बोटानं दाखवलं होतं.