पायातील शल्य



देवदर्शनास आलेला प्रत्येक यात्रेकरू पादत्राणे महाद्वाराबाहेर ठेवतो आणि तेथून पुढे त्याचे पाऊल व क्षेत्राची भूमी यांच्यामध्ये काही उरत नाही. कित्येक जण तर घरूनच अनवाणी निघतात. कोणाचा नवस असतो, कोणाचे व्रत, तर कोणाच्या मनाची केवळ ओढ. अशा चालणाऱ्या पावलांची थोरवी पाहावयाची असेल तर ती वारीत पाहावी. तेथे वारकरी वारकऱ्यास भेटला की वय, विद्या वा अधिकार न पाहता दोघेही परस्परांच्या पाया पडतात. ज्या पावलांशी दुसऱ्याचे मस्तक लवावयाचे, त्या पावलांची निगा राखणे हाही उपासनेचाच भाग होय. म्हणून येथे एका लहानशा विषयाचा विचार करू. तो विषय म्हणजे पायात शिरलेली काचेची कपची.

हा विषय आपल्या पूर्वसूरींनी क्षुद्र मानला नाही. शरीरात शिरून पीडा देणाऱ्या परक्या वस्तूस ‘शल्य’ म्हणतात आणि आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एकास त्यावरूनच शल्यतंत्र हे नाव मिळाले. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील २६ वा अध्याय दडलेले शल्य ओळखण्याविषयी, तर २७ वा ते बाहेर काढण्याविषयी आहे. त्वचेत शल्य दडून सापडेनासे झाले तर त्या भागावर थिजलेले तूप अथवा माती-चंदनाचा लेप लावावा. जेथे तूप आधी विरघळेल वा लेप आधी वाळेल तेथे शल्य आहे असे जाणावे, अशी युक्ती तेथे सांगितली आहे. दुखावलेला भाग आतून तापतो, हे सूक्ष्म निरीक्षण त्यामागे आहे. सर्व यंत्रांत हात हेच प्रधान यंत्र, असेही सुश्रुताचार्य सांगतात. आणि गंमत अशी की, शस्त्र हाताशी नसताना वापरावयाच्या अनुशस्त्रांच्या यादीत त्यांनी काचेचीही गणना केली आहे! वैद्याच्या हाती उपकार करणारी वस्तू वाटेवर पडली की शल्य होते.

आता प्रत्यक्ष प्रसंगी काय करावे? प्रथम चालणे थांबवावे. काच पायात असताना टाकलेले प्रत्येक पाऊल तिला आणखी खोल नेते, म्हणून “देवळापर्यंत जाऊ, मग पाहू” असे म्हणू नये. देव तेथेच असतो. स्वच्छ जागी बसून आधी हात, नंतर पाय साबण व स्वच्छ पाण्याने धुवावा. काच पारदर्शक असल्याने समोरून दिसत नाही. विजेरीचा उजेड तिरका टाकला असता मात्र ती चमकते. टोक वर दिसत असेल तर स्पिरिटने पुसलेल्या चिमट्याने ते अलगद धरून, ज्या दिशेने ती शिरली त्याच दिशेने उलट, सावकाश ओढावी. जोर केल्यास कपची आतच मोडते. बोटांनी जखम दाबून पिळू नये आणि टोक दिसत नसताना सुईने उकरीत बसू नये. निघाल्यावर पुन्हा धुऊन स्वच्छ पट्टी बांधावी. मोठा तुकडा खोल रुतला असल्यास तो न उपसता, त्याच्या भोवतीने आधार देऊन बांधावे आणि थेट दवाखाना गाठावा. बहुतेक काच क्ष-किरण चित्रात दिसते, त्यामुळे डॉक्टरांना तिचा ठाव लागतो. लाकडाची कुसळे त्यात सहसा दिसत नाहीत.

घरगुती उपचारांविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. बिब्बा, रुईचा चीक, चुना, शेण किंवा रस्त्यावरील माती जखमेवर लावण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. वडीलधाऱ्यांचा मान ठेवूनही सांगावेसे वाटते की, ती सोडून द्यावी. बिब्बा व चीक यांनी कातडी पोळते. शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात. मळलेल्या वाटेवर जखम झाली आणि धनुर्वाताची शेवटची लस घेऊन ५ वर्षांहून अधिक काळ लोटला असेल, किंवा ती केव्हा घेतली हेच आठवत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. लाली पसरणे, ठणका, पू, ताप ही लक्षणे दिसली तर प्रवासाचा बेत बाजूस ठेवावा.

मधुमेही भाविकांना तर हात जोडून विनंती आहे. या व्याधीत पायांची संवेदना मंदावते. काच शिरते, दोन-दोन दिवस आत राहते, आणि मोज्याला डाग दिसेपर्यंत पत्ता लागत नाही. अशी जखम चिघळून बोट, प्रसंगी पाय गमवावा लागतो. त्यांनी स्वतः काच काढू नये, रोज रात्री तळवे आरशात पाहावेत अथवा घरच्यांकडून पाहून घ्यावेत, आणि अनवाणी चालण्याचा नवस बोलू नये. बोलला असल्यास तो दुसऱ्या सेवेत बदलून घेण्यात कमीपणा नाही. श्रीरामांच्या पादुका भरताने सिंहासनावर ठेवल्या. आळंदीहून श्री ज्ञानेश्वर महाराजांच्या आणि देहूहून श्री तुकाराम महाराजांच्या पादुकाच आजही पालखीतून पंढरीस जातात. ज्या परंपरेत पादुकांची एवढी पूजा आहे, तिला भक्ताच्या पायातील वहाणेचा विटाळ कसा होईल?

पायात शिरलेल्या शल्याची सर्वांत हृदयद्रावक कथा श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात आहे. याच स्कंधावर पैठणच्या श्री एकनाथ महाराजांनी आपली विस्तृत टीका लिहिली. यादवकुमारांनी सांबाला गर्भवती स्त्रीचा वेष देऊन ऋषींची थट्टा केली आणि कुळाचा नाश करणारे मुसळ जन्मास येईल, असा शाप ओढवून घेतला. लोखंडी मुसळ निघाले. भयभीत झालेल्या कुमारांनी ते राजसभेत नेले. उग्रसेन राजाने त्याचे चूर्ण करविले आणि चूर्ण व उरलेला लहानसा तुकडा समुद्रात टाकविला. प्रश्न मिटला, असे सर्वांना वाटले. परंतु चूर्ण लाटांबरोबर किनाऱ्यास लागून त्याची एरका नावाची तीक्ष्ण लव्हाळी उगवली, आणि पुढे प्रभासक्षेत्री यादव तीच हाती घेऊन परस्परांवर तुटून पडले. उरलेला तुकडा एका माशाने गिळला. तो मासा कोळ्यांच्या जाळ्यात सापडला. त्याच्या पोटातील लोखंडाचे जरा नावाच्या व्याधाने बाणाचे टोक केले. पिंपळाखाली मांडीवर डावा पाय ठेवून बसलेल्या भगवंताचा आरक्त तळवा त्याला हरणाच्या मुखासारखा भासला. बाण सुटला तो त्या तळव्यात. गुजरातेत सोमनाथाजवळ भालका तीर्थ आहे. ते स्थान हेच, असे भाविक मानतात. व्याधाने पाय धरले, तेव्हा भगवंतांनी त्याला दोष न देता सद्गती दिली.

या कथेत शापाइतकाच त्या उरलेल्या तुकड्याचाही विचार करावा. पाण्यात टाकले म्हणजे नाहीसे झाले, ही समजूत द्वारकेतही होती आणि आजही आहे. देवाची जुनी, काच लावलेली तसबीर घरात नकोशी झाली की ती नदीत सोडतात किंवा पिंपळाच्या पारावर ठेवून हात जोडतात. टाकणाऱ्याच्या मनात अनादर नसतो, उलट आदरच असतो. पण चौकट कुजते, कागद विरतो, काच मात्र फुटून वाळूत राहते. तेलाच्या बाटल्या, फुटलेले दिवे यांचेही तेच. आपल्याकडे बांगडी फुटली असे म्हणत नाहीत, ‘वाढली’ म्हणतात; परंतु घाटावर वाढलेल्या बांगडीचा तुकडा पहाटे स्नानास आलेल्या माउलीच्या तळव्याला हा शब्दभेद कसा कळावा? बाण सोडणारा व्याध निदान समोर होता. येथे तर कोणाचे शल्य कोणाच्या पायात गेले, हे दोघांनाही कळत नाही.

म्हणून तसबिरीचे विसर्जन करावयाचे असेल तर घरीच चौकट उघडून काच वेगळी करावी, जाड कागदाच्या चार घड्यांत गुंडाळून बांधावी, वर ‘काच’ असे लिहावे आणि सफाई कामगाराच्या हाती सांगून द्यावी. त्याचेही हात देवाचेच आहेत. देवघरात वा धर्मशाळेच्या खोलीत काच फुटल्यास मुलांना दूर करून, पायात वहाणा घालून मोठे तुकडे उचलावेत. मग जमिनीलगत विजेरी धरून उरलेले कण शोधावेत. डोळ्यांना न दिसणारे कण भिजवलेल्या कणकेचा गोळा फरशीवर दाबून उचलता येतात. तो गोळा मात्र काचेबरोबरच कागदात बांधावा, गाईपुढे टाकू नये.