आतले परके

एत्तोरे स्कोला यांचा ‘उना जोर्नाता पार्तिकोलारे’ (एक विशेष दिवस) हा १९७७ मधील इटालियन चित्रपट मे १९३८ मधील एका दिवसात घडतो. हिटलर रोमला आलेला असतो आणि त्याच्या स्वागताचे संचलन पाहण्यासाठी एका अवाढव्य इमारतीतील बहुतेक सारे रहिवासी घराबाहेर पडतात. मागे राहतात त्या सहा मुलांच्या रगाड्यात पिचलेली अंतोनिएत्ता आणि समोरच्या घरातील गाब्रिएले, ज्याला समलिंगी असल्यामुळे नभोवाणीवरील निवेदकाची नोकरी गमवावी लागली आहे. परका म्हणजे बाहेरून आलेला, ही समजूत येथे निरुपयोगी ठरते, कारण भाषा, धर्म, देश, अगदी अंगणही या दोघांचे एकच आहे.

मुसोलिनीच्या राजवटीने लोकसंख्यावाढ हे राष्ट्रकार्य मानले होते. अविवाहित पुरुषांवर १९२७ पासून कर बसला आणि अनेक अपत्ये असलेल्या मातांचा गौरव होऊ लागला. म्हणजेच गाब्रिएलेला जे धोरण गुन्हेगार ठरवते, तेच अंतोनिएत्ताला सन्मानाच्या नावाखाली चुलीशी बांधून ठेवते. विशेष म्हणजे १९३० च्या दंडसंहितेत समलिंगी संबंध हा गुन्हा नव्हताच, कारण असा दुर्गुण इटलीत फारसा नाही असा युक्तिवाद करून मसुद्यातील ते कलम वगळण्यात आले होते. शिक्षा मात्र टळली नाही: ‘कॉन्फिनो’, म्हणजे न्यायालयात खटला न चालवता पोलिसी यंत्रणेने एखाद्याला दूरच्या बेटावर किंवा खेड्यात धाडण्याची पद्धत, अशा माणसांसाठी वापरली गेली. कायद्यात नाव नसलेल्या अपराधाचा बचाव तरी कसा करायचा? गाब्रिएलेलाही त्याच संध्याकाळी सार्डिनियाला नेण्यात येणार असते.

गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये अंतोनिएत्ता त्याचे चुंबन घेते आणि सत्य कळताच त्याला थप्पड मारते. उपेक्षितांना एकमेकांविषयी आपोआप सहानुभूती वाटते, हा भाबडा समज या प्रसंगात कोसळतो. मुसोलिनीची छायाचित्रे वहीत चिकटवणाऱ्या या स्त्रीपाशी समलिंगींविषयीच्या पूर्वग्रहाखेरीज प्रतिष्ठेचे दुसरे साधन नाही, आणि ते गमावण्याची भीती तिच्या रागामागे आहे. पुढे दोघांमध्ये शरीरसंबंध येतो तेव्हा चित्रपट एका धोकादायक वळणावर असतो, कारण स्त्रीच्या प्रेमाने पुरुष ‘सुधारतो’ हे जुने मिथक तेथे टपलेलेच असते; परंतु या जवळिकीने आपल्यात काहीही बदललेले नाही, असे गाब्रिएले स्पष्ट करतो आणि स्कोला त्याला त्या शब्दावर ठाम राहू देतात.

संचलन पडद्यावर दिसते ते आरंभीच्या वृत्तचित्रांत. नंतर इमारतीच्या पहारेकरणीच्या रेडिओवरून त्याचे समालोचन भिंती ओलांडून प्रत्येक संभाषणात घुसत राहते. ज्या माध्यमाने गाब्रिएलेला हाकलले त्याचाच आवाज त्याला दिवसभर ऐकावा लागतो.

अंतोनिएत्ता आणि गाब्रिएले यांच्या भूमिकांसाठी सोफिया लॉरेन आणि मार्चेल्लो मास्त्रोयान्नी यांची निवड ही या चित्रपटातील सर्वांत धूर्त खेळी म्हणावी लागेल. १९६० च्या दशकातील चित्रपटांमुळे प्रणयी जोडी म्हणून त्यांना ओळखणारा प्रेक्षक ज्या प्रेमकथेची वाट पाहतो, तिचीच अपेक्षा अंतोनिएत्ताही करते. त्यामुळे गच्चीवर तिचा जो गैरसमज उघडा पडतो, तो तिच्या एकटीचा राहत नाही.