औषध कुठं पोचलं?

उजवा तळहात डाव्या बरगड्यांवर ठेवा, अगदी खालच्या, जिथं त्या पाठीकडं वळतात तिथं. दाबू नका. श्वास त्याच्या गतीनं येऊ द्या, जाऊ द्या.

या बरगड्यांच्या आड पाणथरी असते. डॉक्टर तिला प्लीहा म्हणतात. निरोगी माणसाची पाणथरी सहसा हाताला लागत नाही. चंद्रपूरच्या कोरपना-जिवतीकडच्या, सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेल्या एखाद्या लेकराची मात्र बरगडीखाली बोटांना लागते, कधी पार बेंबीपर्यंत उतरलेली असते. त्या लेकराला मनात आणा आणि तळहात तसाच राहू द्या.

आता एकाच तांबड्या पेशीबरोबर चाला. पाणथरीत तिला आपल्या अंगापेक्षा अरुंद फटींतून जावं लागतं. लवचिक पेशी वाकते, निसटते, पुढं जाते. सिकलसेलची ताठर पेशी तिथंच अडकते. निरोगी पेशी सुमारे 120 दिवस हा फेरा करते; सिकलसेलच्या रुग्णाची पेशी जेमतेम 10 ते 20 दिवस. घाई करू नका. ही फट पुढं पुन्हा लागणार आहे.

शरीरात इतकं फिरणाऱ्या पेशीकडंच औषध सोपवलं तर? हा विचार जुना आहे. तांबड्या पेशी सौम्य मिठाच्या पाण्यात ठेवल्या की फुगतात, त्यांच्या पडद्याला बारीक छिद्रं पडतात. आत औषध शिरतं आणि मिठाचं प्रमाण पूर्ववत केलं की पडदा मिटतो. 1973 साली अशा पेशींत विकरं भरून दाखवली गेली. त्याहून लहान वाहनं म्हणजे पेशींनीच बाहेर टाकलेल्या सूक्ष्म पिशव्या, एक्झोसोम. त्यांचा आकार साधारण 30 ते 150 नॅनोमीटर. 1983 मध्ये त्या दिसल्या त्या पक्व होत असलेल्या तांबड्या पेशींतच. माँट्रियलला रोझ जॉनस्टोन मेंढीच्या रक्तावर काम करत होत्या. पेशी मोठी होताना लोह आत घेणारे ग्राहक या पिशव्यांतून टाकून देते, हे त्यांच्या गटाला आढळलं. पेशीनं नको म्हणून टाकलेल्या पिशवीत आज औषध भरायचे प्रयत्न चालले आहेत, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

पण शिरेत सोडलेली पिशवी कुठं जाते? रक्त तपासलं तर एवढंच कळतं की ती आता रक्तात उरली नाही. म्हणून तिला किरणोत्सारी खूण लावायची आणि बाहेरून कॅमेऱ्यानं पाहायचं. टेक्नेशियम-99एम ही त्यातली नेहमीची खूण. सहा तासांत ती निम्मी होते. इंडियम-111 सुमारे 2.8 दिवसांत, झिर्कोनियम-89 सुमारे 3.3 दिवसांत निम्मं होतं. किती वेळ पाहता येईल, हे त्या खुणेचं आयुष्य ठरवतं. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये 1963 पासून किरणोत्सारी द्रव्यांनी निदान आणि उपचार होतात, म्हणजे ही विद्या महाराष्ट्राला परकी नाही.

पडद्यावरचं चित्र डोळ्यांपुढं आणा. शिरेतून दिलेल्या पिशव्या बहुतेक प्रयोगांत काही मिनिटांत रक्तातून नाहीशा होतात. उजळतं ते यकृत, उजळते पाणथरी, काही वेळा फुप्फुसं. हव्या त्या जागी पोचतात त्या थोड्याच. मन इथं खट्टू होतं. होऊ द्या, पण नजर हटवू नका.

आता विचारा, उजळतंय ते काय? गडचांदूर-आवारपूरच्या रस्त्यावर सिमेंटचे ट्रक रात्रंदिवस चालतात. एखाद्या ट्रकचं जीपीएस यंत्र सुटून ढाब्यावर पडलं, तर पडद्यावर ट्रक ढाब्यापाशीच उभा दिसेल. माल कुठं गेला ते कळणार नाही. इथंही तसंच होतं. पिशव्यांना लावायचे काही चमकते रंग पिशवी फुटल्यावरही ऊतींत टिकतात, कधी आपसातच गोळा होऊन पिशवीएवढे कण बनवतात. म्हणून जाणते संशोधक नुसती मोकळी खूण वेगळी टोचून पाहतात आणि दोन्ही चित्रं शेजारी ठेवतात. मला विश्वास वाटतो तो अशा जोडचित्रांवर.

तळहाताखालच्या जागेकडं परत या. 1969 मध्ये हॉवर्ड पिअर्सन आणि सहकाऱ्यांनी सिकलसेलच्या मुलांना टेक्नेशियम लावलेले कण देऊन चित्रं घेतली. पाणथरी हाताला लागत होती, चित्रात मात्र तिची जागा रिकामी. अवयव होता, पण रक्तातले कण टिपायचं त्याचं काम थांबलं होतं. ती मुलं अमेरिकेतली. आपल्याकडच्या अनेक रुग्णांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी टिकतं आणि पाणथरी उशिरापर्यंत वाढलेली राहते. म्हणजे तिकडच्या मुलाच्या चित्रावरून इकडच्या मुलाचा अंदाज बांधता येत नाही. उंदरावरून तर त्याहून नाही.

पाणथरीनं कण टिपले नाहीत, तर ते जातील कुठं? यकृतात जास्त? रक्तातच जास्त वेळ? मात्रा कमी लागेल की अधिक? पिशव्यांत भरलेली ही औषधं अजून बहुतांशी प्रयोगशाळेत आणि सुरुवातीच्या चाचण्यांत आहेत, म्हणून हे आत्ताच विचारायला हवं. चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेल घरोघरी ओळखीचा आहे, मग ज्या चित्रांवरून मात्रा ठरणार त्यांत इथल्या पाणथऱ्या असल्याच पाहिजेत.

आणि तशी चाचणी इकडं आलीच, तर संमतीच्या कागदावर सही घेण्याआधी कोलाम आदिवासी आईबापांना कोलामीत समजावणारं माणूस शेजारी बसलेलं हवं. लेकराच्या शिरेत काय सोडणार, किरणांची मात्रा त्याच्या वजनाप्रमाणे किती, कॅमेऱ्याखाली त्याला किती वेळ निजून राहावं लागेल, आणि चित्र पाहून त्याच्या उपचारात नेमकं काय बदलणार, हे त्यांना विचारता यावं, नको म्हणता यावं, आणि नको म्हटल्यावरही सिकलसेलच्या नेहमीच्या गोळ्या पूर्वीसारख्याच मिळत राहाव्यात.