न संपणारी कथा आणि कर्मफळाचा प्रश्न

दूरचित्रवाणीवरील कौटुंबिक मालिकांचा विचार बहुधा समाजशास्त्राच्या किंवा माध्यमव्यवहाराच्या अंगाने होतो. पण त्यांच्या मुळाशी एक तात्त्विक प्रश्न दडलेला आहे आणि तो कर्मसिद्धांताशी निगडित आहे. ज्या कथेचा शेवट आधी ठरलेला नसतो, किंबहुना टीआरपी टिकेल तोवर जी संपवायचीच नसते, त्या कथेतील कर्माला फळ येते काय, आणि येत नसेल तर तिच्यातील पात्रांच्या सद्गुणांना कोणता अर्थ उरतो, हा तो प्रश्न होय.

भरताच्या नाट्यशास्त्रात नायकाच्या कार्याच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत. फळाविषयीची उत्सुकता जागी होते तो आरंभ, त्यासाठीची धडपड म्हणजे यत्न, फळ मिळेलसे वाटू लागते ती प्राप्त्याशा, अडथळा सरताच ते मिळणार अशी खात्री पटते ती नियताप्ति आणि फळ प्रत्यक्ष हाती येते तो फलागम. त्यांना समांतर असे कथानकाचे पाच सांधे, म्हणजे संधी, मानले गेले असून त्यांपैकी चौथ्या विमर्शसंधीत क्रोध, मोह किंवा शाप यांमुळे हाताशी आलेले फळ पुन्हा दुरावते. रोज प्रसारित होणारी मालिका प्राप्त्याशा आणि विमर्श यांच्या दरम्यानच घोटाळत राहते. गैरसमज मिटण्याच्या बेतात असतो, तोच दारात कोणीतरी उभे राहते, चहाचा ट्रे घेऊन बाहेर आलेली सून जागीच थबकते, पार्श्वसंगीताच्या एकेका ठोक्यासरशी कॅमेरा दिवाणखान्यातील प्रत्येक चेहऱ्यावर पाळीपाळीने जातो आणि भाग संपतो. सगळे धागे एका फळाशी आणून सोडणारी पाचवी, निर्वहणसंधी मात्र ‘चार दिवस सासूचे’सारख्या तीन हजारांहून अधिक भाग चाललेल्या मालिकेत वर्षानुवर्षे लांबणीवर पडते.

रशियन अभ्यासक व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात परीकथांमधील घटनांची एकतीस ‘कार्ये’ आणि पात्रांच्या सात भूमिका निश्चित केल्या. त्यांच्या मांडणीत खलपात्राच्या दुष्कृत्याने कथेला गती मिळते, अखेरीस त्याला शासन होते आणि नायकाच्या विवाहाने व राज्यप्राप्तीने कथा पूर्ण होते. आपल्याकडील मालिकांनी हा क्रम उलटा केला आहे: प्रॉप यांच्या कथा जिथे थांबतात त्या लग्नमंडपातूनच मालिकेचा खरा संसार सुरू होतो आणि शासनाचे कार्य जवळजवळ गाळले जाते, कारण खलनायिकेला कायमचे दूर केले तर कथेचे चाकच थांबेल. म्हणून ती पकडली जाते, रडते, तिला क्षमा मिळते आणि नवा ‘ट्रॅक’ सुरू होताच ती पुन्हा पूर्ववत होते. प्रत्येक कृती कर्त्याच्या ठायी संचित म्हणून साठत जाते, हे कर्मसिद्धांताचे किमान गृहीतक येथे लागू पडत नाही, कारण ‘लीप’ घेऊन कथा काही वर्षे पुढे गेली की हे संचित पुसले जाते.

मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी मानवजातीच्या सामूहिक नेणिवेत वास करणाऱ्या आणि पुराणांतून, स्वप्नांतून वारंवार प्रकट होणाऱ्या मूळ प्रतिमांची संकल्पना मांडली. मराठी समीक्षेत तिला आदिबंध म्हणतात. मालिकांतील सोशिक नायिकेमागे सीतेचा आणि कारस्थानी सासू-जावांमागे मंथरेचा आदिबंध आहे, हे उघड आहे. विचार करण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. मालिकेत बेत आखणे, निर्णय घेणे, परिस्थिती बदलणे हे सारे कर्तृत्व खलनायिकेकडे असते आणि नायिकेच्या वाट्याला केवळ सोसणे येते. या सोसण्याला निष्काम कर्माचे वलय दिले जाते, आणि ते सर्वस्वी चुकीचे आहे. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त गीतेचा प्रवृत्तिपर, म्हणजे कर्म करण्यास प्रवृत्त करणारा, जो अर्थ लावला त्यानुसार फलाशा सोडण्याआधी कर्तव्यबुद्धीने केलेले कर्म असावे लागते. ज्याने कर्मच केले नाही त्याच्या फलत्यागाला अर्थ नाही. आणि ज्याचे फळ दुसऱ्याने हिरावून घेतले त्याला त्यागी म्हणणे हा अन्यायाचा गौरव ठरतो.

यावर असे म्हणता येईल की अखंड चालणे हा संसाराचाच स्वभाव आहे आणि महाभारतही आख्यानांमागून आख्याने जोडत विस्तारले आहे. हा आक्षेप वजनदार आहे. तथापि महाभारतात काहीही विसरले जात नाही. गांधारीचा शाप छत्तीस वर्षांनी यादवकुळावर कोसळतो आणि विजयी पांडवही अखेर सर्वस्व मागे टाकून महाप्रस्थानाला निघतात. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त महाभारताचा मुख्य रस शांत ठरवला, तो या विरस अवसानाच्या, म्हणजे उदास शेवटाच्या, आधारावरच. शांतरसासाठी तृष्णेचा क्षय व्हावा लागतो, आणि मालिकेला तर उद्याच्या भागाची तृष्णा जागी ठेवूनच आजचा भाग संपवावा लागतो.

सीतेचा आदिबंधही मालिकांनी अर्धाच उचलला आहे. उत्तरकांडातील सीता पुन्हा शुद्धी सिद्ध करण्याच्या प्रसंगी भूमीला साद घालून स्वतःची कथा स्वतः संपवते. सोशिकतेइतकाच हा नकारही तिच्या व्यक्तित्वाचा गाभा आहे. ‘आई कुठे काय करते’ या २०१९ ते २०२४ या काळात चाललेल्या मालिकेतील अरुंधती पंचवीस वर्षांच्या संसारानंतर पतीची प्रतारणा कळल्यावर त्याच्यापासून घटस्फोट घेते, तेव्हा तो राहून गेलेला नकार मराठी घराघरांत पोहोचला. नाट्यशास्त्राच्या परिभाषेत हा फलागम ठरू शकला असता. परंतु मालिका पुढे चालवायची असल्याने देशमुखांच्या, म्हणजे तिच्या सासरच्या, घरातील नव्यानव्या पेचांत तिला वारंवार ओढले गेले, आणि जे घर तिने विचारपूर्वक सोडले होते त्याच घराच्या सुखदुःखांशी तिचे कर्तृत्व पुन्हा बांधले गेले.