आपद्धर्माची मुदत

शांतिपर्वांतील विश्वामित्राची कथा वाचकांस ठाऊक असेल. भयंकर अवर्षणांत क्षुधेनें व्याकुळ झालेल्या ऋषीनें चांडाळाच्या घरचें कुत्र्याचें मांस चोरलें, आणि प्राणरक्षणार्थ तें युक्तच आहे असा वादहि घातला. या वादाची चर्चा पुष्कळ होते. परंतु पुढें पाऊस पडला व ऋषीनें तें मांस चाखलें नाहीं, इकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. आपत्ति सरली कीं आपद्धर्महि सरतो काय, हा प्रश्न आम्हांस एका अगदीं अर्वाचीन शास्त्राविषयीं विचारावासा वाटतो.

1890 सालीं बेहरिंग व किटासाटो यांनीं दाखविलें कीं, रोगविषास अडविणारें द्रव्य एका प्राण्याच्या रक्तांत उत्पन्न करून दुसऱ्यास देतां येतें. या द्रव्यास आज प्रतिपिंड म्हणतात. एकीकडे घटसर्पानें गुदमरणारें मूल व दुसरीकडे घोड्याचें रक्त, अशा प्रसंगीं आम्हीहि निवड तीच केली असती. परंतु पुढें प्रतिपिंडें प्रयोगशाळेंतील मोजमापाचीं साधनें झालीं. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा लहानसा तुकडा. प्रसूतीच्या वेळीं स्रवणारें ऑक्सिटोसिन अवघ्या 9 अमिनो आम्लांचें आहे. एवढ्या क्षुद्र वस्तूची शरीर सहसा दखल घेत नाहीं. म्हणून ती मोठ्या प्रथिनास जोडून सशास पुनःपुन्हां टोचावयाची व मग त्याचें रक्त काढावयाचें, अशी रीत पडली. येथें मरणोन्मुख मूल बहुधा कोठेंच नसतें.

आतां दुसरी वाट निघाली आहे. जिवाणूंवर जगणाऱ्या विषाणूच्या अंगावर परकें पेप्टाइड प्रकट करण्याची युक्ति जॉर्ज स्मिथ यांनीं 1985 सालीं काढली. 1990 सालीं ग्रेगरी विंटर व त्यांचे सहकारी यांनीं ती प्रतिपिंडांस लावली. निरनिराळीं प्रतिपिंडें धारण करणारे अब्जावधि विषाणु पात्रांत ओतावयाचे. तळाशीं चिकटविलेल्या पेप्टाइडास जे बिलगतील ते राखून बाकीचे धुऊन टाकावयाचे. राखलेले वाढवून पुन्हां तीच चाळणी लावावयाची. जनुकांत फेरफार करून पुढें पकड घट्टहि करतां येते. (पात्र अगोदर पुष्कळदां दुधाच्या भुकटीच्या पाण्यानें भरून ठेवतात, तेव्हां सोवळ्याचा फार आव आणण्याचें कारण नाहीं.)

2020 सालीं युरोपीय संघाच्या एका शास्त्रीय केंद्रानें प्राण्यांवांचून केलेलीं प्रतिपिंडें वापरण्याची शिफारस केली, तेव्हां आक्षेप घेणारेहि निघाले. सशाचें शरीर कित्येक आठवडे झटून जी पकड घडवितें ती कृत्रिम संग्रहांत नेहमींच सांपडत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. तें खोटें नव्हे. लहान, लवचिक पेप्टाइड धरणें कठीणच. पण मौज अशी कीं, दुष्काळ संपला किंवा नाहीं हें ठरविणारा येथें खाणाराच असतो, आणि पंचांत ससा बसत नाहीं.

सर्पदंशावरील औषध भारतांत अद्यापि घोड्यांच्या रक्तांतूनच येतें, व शेतांत साप चावलेल्या माणसापुढें हा वाद घालण्यास आम्ही धजणार नाहीं. परंतु यादींत जुनें नांव आहे व किंमत परिचयाची आहे, एवढ्याच कारणानें जो संशोधक सशाचें रक्त मागवितो, त्यानें दुसऱ्या वाटेची चौकशी तरी केली होती काय?